सोमवारी ॲडमिट व्हायचंय, बॅगेत काय भरू?

या महिन्यात मानसोपचाराच्या वॉर्डात राहण्याबद्दल एकदम चार पत्रं आली, म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकात घेते. मी २२ वर्षं अशाच वॉर्डात सिस्टर होते, दिवसपाळी रातपाळी दोन्ही केल्यात, त्यामुळे खाली जे सांगतेय त्यातलं बरंचसं डोळ्यांनी बघितलेलं आहे. पत्रं थोडी छोटी केलीत आणि नावं काढून टाकलीत.

प्रश्न : ताई, मी २९ वर्षांची आहे, सांगलीजवळ एका गावात राहते, खाजगी शाळेत शिकवते. गेले चार महिने झोप नाही, जेवण जात नाही, मधेमधे असं वाटतं की आपण नसलो तर बरं. डॉक्टरांनी दोनदा गोळ्या बदलल्या, आता म्हणतात की दोन-तीन आठवडे ॲडमिट हो. सोमवारी बोलावलंय. मी तिथं हो म्हणाले पण घरी आल्यापासून पोटात गोळा आलाय. तिथे बांधून ठेवतात का, शॉक देतात का, वेड्यांच्यात ठेवतील का, मोबाईल देतील का, आणि एकदा आत गेलं की बाहेर सोडतात का? आईला विचारलं तर ती रडते. बॅगेत काय भरायचं ते पण सुचत नाहीये.

उत्तर : बॅग भरूच, पण आधी आज ते सोमवार या दिवसांचं बोलू. ‘आपण नसलो तर बरं’ हे तू मला लिहिलंस, पण डॉक्टरांना सांगितलंयस का? नसेल तर आजच फोन करून सांग, याच शब्दांत सांग. सोमवारपर्यंत रात्री एकटी झोपू नकोस, आईला म्हण माझ्या खोलीत झोप. ती रडेल, रडू दे, पण तुझ्याजवळ असेल. घरातल्या सगळ्या गोळ्या आणि शेतीची औषधं आईला कुलपात ठेवायला सांग आणि किल्ली तिच्याकडेच राहू दे. आणि विचार वाढायला लागले तर सोमवारची वाट बघायची नाही, त्याच रात्री दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत जायचं. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे, चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. तो आईच्या मोबाईलमध्येपण सेव्ह करून ठेव.

आता बॅग. कपडे सुती, सैल आणि इलॅस्टिकचे घे, नाडीचे नकोत, कारण नाडी काढून घेतात आणि मग सलवार हातात धरून फिरायची पाळी येते, मी हे कितीतरी बायकांचं बघितलंय. ओढणी नको. पायात साधी चप्पल, लेसचे बूट नकोत. ब्रश, पेस्ट, साबण, तेलाची प्लास्टिकची बाटली, काचेची नाही. पॅड्स नेहमीपेक्षा जास्त घे कारण ताणाने आणि काही गोळ्यांनी पाळी मागेपुढे होते आणि वॉर्डात आयत्या वेळी मागायला संकोच वाटतो. चष्मा असेल तर चष्मा. गळ्यातलं कानातलं घरी. एक वही घे, आणि त्या वहीच्या पहिल्या पानावर पाच-सहा फोन नंबर हाताने लिही, कारण मोबाईल जवळ नसला की आपल्याला आईचासुद्धा नंबर आठवत नाही. पेन आत देतात की नाही ते वॉर्डावर अवलंबून आहे, स्केचपेन बहुतेक ठिकाणी चालतो. सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्या आणि जुने केसपेपर एका पिशवीत घाल आणि ती पिशवी आत गेल्या गेल्या सिस्टरच्या हातात दे.

आणि एक घरची चादर ने. नवी नको, धुऊन इस्त्री केलेलीपण नको, घरात रोज वापरलेली. पहिल्या रात्री दवाखान्याचा वास झोपू देत नाही, तेव्हा घरच्या चादरीचा वास कामाला येतो.

बॅग उघडून बघतील, आणि चार्जर, सेफ्टी पिना, नेलकटर, आरसा, बेल्ट असलं काही निघालं तर बाजूला काढतील. तेव्हा चोरासारखं वाटतं, ते मला माहितीये. पण ते तुझ्या एकटीसाठी नसतं, तुझ्या शेजारच्या बेडवर जी मुलगी आहे तिच्यासाठीपण असतं, आणि तिच्या बॅगेतून काढतात ते तुझ्यासाठी.

पहिल्या दिवशी वजन, बीपी, रक्त, ईसीजी, आणि मग तेच तेच प्रश्न. आधी ज्युनियर डॉक्टर विचारणार, मग सीनियर, मग सायकॉलॉजिस्ट, मग सोशल वर्कर, आणि तुला वाटेल की यांचं एकमेकांत बोलणं होत नाही का, मी किती वेळा तेच सांगू. सांग. जे चौथ्यांदा सांगताना आठवतं ते कधीकधी सगळ्यात महत्त्वाचं असतं. रात्री एक बारीक दिवा चालू ठेवतात आणि थोड्या थोड्या वेळाने सिस्टर बॅटरी घेऊन बेडपाशी येऊन जाते. ती पाळत ठेवत नसते गं, श्वास नीट चाललाय ना, झोप लागलीय ना, एवढंच बघत असते. तू जागी असलीस तर डोळे मिटून पडू नकोस, ‘सिस्टर मला झोप येत नाहीये’ असं म्हण. रातपाळीला वॉर्ड शांत असतो, आम्हाला बोलायला वेळ असतो, दिवसा नसतो.

‘वेड्यांच्यात’ हा शब्द तेवढा इथेच ठेवून जा, बॅगेत नेऊ नकोस. तिथे कोण असतं सांगू? बँकेतल्या मॅडम असतात, नापास झालेली कॉलेजची पोरगी असते, द्राक्षबागेत कर्ज झालेल्या घरातली सून असते, तीन आठवड्यांपूर्वी बाळंत झालेली असते. एखादी जोरात ओरडत असेल, एखादी तुझ्याशी अगदी जवळ येऊन बोलेल. भीती वाटली तर वाद घालू नकोस, समजावत बसू नकोस, सरळ उठून सिस्टरच्या टेबलाजवळ येऊन बस. बहुतेक जणी तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत एकमेकींच्या वेण्या घालायला लागतात.

खरा त्रास ओरडण्याचा नसतोच, कंटाळ्याचा असतो. सहाला उठवतात, चहा, नाश्ता, गोळ्या, डॉक्टरांचा राउंड, ऑक्युपेशनल थेरपीत काहीतरी कागदाचं नाहीतर विणकामाचं, बाराला जेवण, आणि मग चारच्या चहानंतर संध्याकाळ संपता संपत नाही. भेटायची वेळ झाली आणि आपलं कुणी आलं नाही तर फारच जड जातं. आमच्याकडे विट्याकडचे एक शिंपीकाका होते, डिप्रेशनचे, पहिला आठवडाभर भिंतीकडे तोंड करून. त्यांना कुणीतरी शाळेची शंभर पानी वही दिली आणि सांगितलं रोज एक ओळ लिहा, जास्त नको. पहिल्या दिवशी त्यांनी लिहिलं ‘पोहे खारट’. दुसऱ्या दिवशी ‘झोप दोन तास’. अकराव्या दिवशी लिहिलं ‘आज पोह्यांत शेंगदाणे होते’, आणि राउंडला डॉक्टरांना ती वही दाखवली तेव्हा आम्हाला सगळ्यांना कळलं की माणसाला चव कळायला लागलीय, त्यांना स्वतःला कळायच्या आधी. तू असं लिही. झोप किती, जेवलीस किती, वाईट विचार आला का, एक ओळ बास.

त्याच वहीत राउंडसाठी तीन प्रश्न लिहून ठेव. डॉक्टर बेडजवळ पाच मिनिटं थांबतात, पाच-सहा जण गोल करून उभे असतात, आपण गोंधळतो आणि ‘बरंय’ म्हणून टाकतो आणि ते पुढच्या बेडकडे गेल्यावर सगळं आठवतं. ही गोळी कशाची, किती दिवसांनी फरक पडेल, त्रास काय होऊ शकतो, एवढं तरी विचारच. डिप्रेशनच्या गोळ्यांना दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून पाचव्या दिवशी ‘काहीच उपयोग नाही’ असं ठरवू नकोस. तोंड कोरडं पडणं, पोट साफ न होणं, दिवसभर झापड, हे होतं आणि सांगितलं तर त्याला उपाय असतो. पण काही गोळ्यांनी किंवा इंजेक्शनने अचानक मान एका बाजूला ओढली जाते, जबडा आवळतो, डोळे वर फिरतात, तसं झालं तर भेटायच्या वेळेची किंवा राउंडची वाट बघू नकोस, लगेच हाक मार. दिसायला फार भीतीदायक असतं पण एका इंजेक्शनने थोड्या वेळात उतरतं.

गोळी गालात लपवू नकोस. आम्ही ‘जीभ वर करा’ म्हणतो ते अपमान करायला नाही. एकीने नऊ दिवस गोळ्या गालात ठेवून नंतर उशीच्या खोळीत टाकल्या, डॉक्टरांना वाटलं औषध लागू पडत नाही म्हणून त्यांनी डोस वाढवला, आणि दहाव्या दिवशी मी खोळ बदलताना त्या सगळ्या फरशीवर सांडल्या. ती ओरडलीपण नाही, नुसती म्हणाली, सिस्टर मला त्याने हात थरथरतात, मला भाकरीचा तुकडा मोडता येत नाही. हे तिने पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर गोळी बदलली असती. नको असेल तर ‘नको, कारण असं होतंय’ म्हण. तो तुझा हक्क आहे.

हक्कांचं आता. तू स्वतःच्या पायांनी जातेयस, स्वतः सही करणार आहेस, त्याला इंडिपेंडंट ॲडमिशन म्हणतात. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे, मे २०१८ पासून लागू झाला, त्यात हे सगळं लिहिलंय. तुझ्या संमतीशिवाय तुझ्यावर उपचार करता येत नाहीत, आणि तू डिस्चार्ज मागितलास तर द्यावा लागतो. फक्त त्या वेळी डॉक्टरांना तुझ्या जिवाची काळजी वाटली तर ते २४ तास थांबवून परत तपासू शकतात. म्हणजे ‘आत गेलं की सोडत नाहीत’ हे तुझ्या बाबतीत खरं नाही. बांधून ठेवणं हे शिक्षा म्हणून किंवा स्टाफला सोपं जावं म्हणून करताच येत नाही, कुणाच्या तरी जिवाला तेव्हाच्या तेव्हा धोका असेल आणि दुसरा काही मार्ग नसेल तरच, तेही मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि जरूर आहे तेवढाच वेळ. एकटीला कोंडून ठेवायला तर पूर्ण बंदी. साखळीला बंदी. जबरदस्तीने केस कापायलाही बंदी, आणि स्वतःचे कपडे घालायचे असतील तर तोही हक्क आहे.

शॉक म्हणजे ईसीटी. तो सगळ्यांना देत नाहीत. पण तुला सुचवला तर लगेच घाबरून नाही म्हणू नकोस, आधी ऐकून घे. आता कायद्यानेच भूल आणि स्नायू सैल करायचं औषध दिल्याशिवाय ईसीटी देता येत नाही. रात्रीपासून उपाशी ठेवतात, सकाळी हातात सुई, झोप लागते, आणि जाग येते तेव्हा झालेलं असतं. सहा ते बारा वेळा, आठवड्यातून दोन-तीनदा. डोकं दुखतं थोडं, आणि त्या दिवसांतलं नीट आठवत नाही, काहींना आधीच्या काही आठवड्यांतल्या गोष्टीपण परत आठवत नाहीत, हे मी लपवणार नाही. पण ज्यांनी खाणंपिणं सोडलं होतं अशा बायका तिसऱ्या ईसीटीनंतर ‘चहा आहे का’ असं विचारताना मी बघितल्यात.

मोबाईलचं प्रत्येक वॉर्डाचं वेगळं असतं. फोन करायचा आणि भेटायला कुणाला येऊ द्यायचं, कुणाला नाही, हे दोन्ही हक्क तुला आहेत, पण मोबाईल दिवसभर उशाशी राहील असं नाही. भरती व्हायच्या आधीच विचार : फोन किती वाजता, किती वेळ, भेटायची वेळ काय, आई रात्री राहू शकते का.

आणि जायच्या आधी एक काम कर. साध्या कागदावर लिही की माझ्या वतीने बोलायला मी अमुक व्यक्तीला नेमते, सही कर, तारीख घाल. याला नॉमिनेटेड रिप्रेझेंटेटिव्ह म्हणतात, स्टॅम्पपेपर वगैरे काही लागत नाही. तुझी तब्येत अशी झाली की तुला निर्णय घेता येत नाहीयेत तर ती व्यक्ती तुझ्यासाठी बोलते. आई रडत असेल तर आईच पाहिजे असं नाही, मामा, मैत्रीण, जिला तुझं मन माहिती आहे आणि जिचा डॉक्टरांसमोर आवाज निघतो, तिला नेम.

प्रश्न : मॅडम, माझी बायको २५ वर्षांची. बाळंतपण होऊन तिसऱ्याच आठवड्यात ती रात्र रात्र जागायला लागली, म्हणायला लागली की बाळ आपलं नाही, बदललंय, कुणीतरी कानात सांगतंय. आम्ही घाबरलो. तिला तुळजापूरला देवीला जाऊ असं सांगून गाडीत बसवलं आणि दवाखान्यात नेलं. आता बारा दिवस झाले, डॉक्टर म्हणतात फरक आहे, पण मी भेटायला गेलो की ती भिंतीकडे तोंड करते. फक्त विचारते बाळ कुठंय. बाळ माझ्या आईकडे आहे. काय बोलू तिच्याशी?

उत्तर : दादा, आधी आजाराचं थोडक्यात. बाळंतपणानंतर हजारात एक-दोघींना हे होतं, बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच सुरू होतं, झपाट्याने वाढतं आणि उपचार केले तर चांगलं बरंपण होतं. तिचा दोष नाही, तुमचा नाही, कुणाची नजर लागलेली नाही. तुम्ही वेळेत नेलंत हे बाळासाठीही फार बरं झालं.

पण ज्या रीतीने नेलंत ते तिला टोचतंय, आणि ते टोचणारच. माझ्या धाकट्या भावाला १९९४ साली आम्ही ‘डोळे तपासायला जाऊ’ सांगून नेलं होतं. मी तेव्हा नर्सिंगला होते, मला कळायला पाहिजे होतं, तरी मीपण गाडीत त्याच्या शेजारी बसून गप्प राहिले. तिथे त्याचे केस भादरले, तेव्हा तसंच करायचे, आणि आम्ही भेटायला गेलो तेव्हा तो आमच्याकडे बघून डोक्यावरून हात फिरवत नुसता बसला. तो बरा झाला, संसार केला. पण नंतर कित्येक वर्षं घरातून कुठेही निघायचं म्हटलं की गाडीत बसायच्या आधी तो विचारायचा, ‘नक्की कुठं चाललोय?’ अगदी लग्नाला निघालो असलो तरी.

म्हणून आता जाल तेव्हा कारणं देऊ नका. ‘तुझ्याच भल्यासाठी’ हे तर अजिबात नको. एवढंच म्हणा, ‘मी तुला खोटं सांगून आणलं, चुकलं माझं, मला दुसरं सुचलं नाही, मी घाबरलो होतो.’ आणि मग गप्प बसा. ती काही बोलणार नाही कदाचित, वेळ संपेपर्यंत भिंतीकडेच बघेल. बसून राहा. निघताना सांगा उद्या किती वाजता येणार आणि त्याच वेळेला या, दहा मिनिटं उशीर नको. ‘उद्या घरी नेतो’ असं एकदापण म्हणू नका, डॉक्टरांनी तारीख दिली असेल तरच. अशा गोड थापा मी भेटीच्या वेळी रोज ऐकायचे आणि रात्री ती बाई बॅग भरून दाराशी बसलेली असायची, मग तिला आत आणायचं काम आमच्याकडे.

आणि ‘बाळ कुठंय’ या प्रश्नाला पूर्ण उत्तर द्या. कुणाकडे आहे, वजन किती भरलं, दूध काय पितंय, रात्री किती वेळा उठतं, कुणासारखं रडतं. फोटो छापून न्या, मोबाईलमधला दाखवून परत खिशात घालू नका. बाळाच्या अंगातलं एक झबलं न्या, न धुतलेलं. कायदा असं सांगतो की तीन वर्षांच्या आतलं मूल उपचार घेणाऱ्या आईपासून शक्यतो तोडायचं नाही, बाळाला धोका वाटला तर तात्पुरतं वेगळं ठेवता येतं पण तेव्हाही कुणाच्या तरी देखरेखीत आईला बाळाला भेटू द्यायचं, आणि वेगळं ठेवण्याचा निर्णय दर पंधरा दिवसांनी परत तपासायचा. तर उद्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा, बाळाला भेटीला कधी आणू, सिस्टर जवळ असताना दहा मिनिटं मांडीवर देता येईल का.

आणखी एक, हे तुम्ही पुरुष म्हणून सुचलं नसेल आणि वॉर्डातही कधीकधी राहून जातं. तिला दूध येत असेल. बाळ अंगावर नाही म्हटल्यावर छाती दगडासारखी होते, ताप भरतो, आणि ती कुणाला सांगणार? सिस्टरला सांगा, दूध काढायची सोय करायला सांगा, आणि चालू असलेल्या गोळ्यांवर अंगावर पाजता येईल का ते डॉक्टरांनाच विचारा, शेजारणीला नाही.

तिने स्वतः सही केलेली नाही म्हणजे ही बहुतेक सपोर्टेड ॲडमिशन असणार. ती एका वेळी जास्तीत जास्त ३० दिवसांची असते, दर सात दिवसांनी डॉक्टरांनी बघायचं असतं की आता तिला स्वतःचे निर्णय स्वतः घेता येतायत का, आणि तिला मान्य नसेल तर ती रिव्ह्यू बोर्डाकडे, म्हणजे याच कायद्याखाली अशा तक्रारी ऐकणाऱ्या मंडळाकडे, दाद मागू शकते. हे तिलाही सांगा. तिला वाटेल माझ्या बाजूने कुणीतरी बोलतंय. पुढच्या बाळंतपणाआधी मात्र डॉक्टरांना ही हकीकत आठवणीने सांगायची, परत होण्याची शक्यता असते आणि आधीपासून लक्ष ठेवता येतं.

प्रश्न : मी ४१, बायपोलर आहे, म्हणजे मूड कधी फार चढतो, कधी फार पडतो तो आजार. २६ दिवस ॲडमिट होतो, मागच्या आठवड्यात घरी आलो. आता एकदम बरं वाटतंय. लिथियम अजून किती दिवस घ्यायचं, बंद केलं तर चालेल का? सोसायटीत सगळे विचारतात कुठे होतात. आणि मेडिक्लेमवाल्यांनी क्लेम नाकारलाय, म्हणतात मानसिक आजार बसत नाही.

उत्तर : बंद नाही करायचं. बरं वाटतंय ते त्याच्यामुळेच वाटतंय. किती काळ घ्यायचं ते डॉक्टर ठरवतील, पण एकदम सोडलं की आजार उसळून येतो, हे मी त्याच त्याच माणसांना परत परत त्याच बेडवर बघून सांगतेय. लिथियमवर असताना पाणी भरपूर, मीठ अचानक कमी करायचं नाही, जुलाब-उलट्या झाल्या किंवा हात जास्त थरथरायला लागले, तोल जायला लागला तर लगेच दाखवायचं, आणि गुडघा दुखला म्हणून मेडिकलमधून ब्रुफेन किंवा डायक्लोफेनॅक आणून खायचं नाही, त्याने रक्तातलं लिथियम वाढतं. रक्तात लिथियम किती आहे ते बघायचं, म्हणजे लेव्हलचं रक्त रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं असतं, म्हणजे सकाळची गोळी रक्त दिल्यावर.

घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात नाजूक असतात दादा. सगळ्यांना वाटतं आला, सुटलो, आणि माणूस एकदम एकटा पडतो. वॉर्डात कुणीतरी तासातासाला विचारत होतं, घरी कुणी विचारत नाही. पहिली ओपीडीची तारीख चुकवू नका. झोप चार तासांच्या खाली दोन रात्री गेली तर बायकोने डॉक्टरांना फोन करायचा, हे आजच दोघांनी मिळून ठरवा आणि तेव्हा तुम्ही तिच्यावर चिडायचं नाही.

सोसायटीत काय सांगायचं ते तुमच्यावर आहे. ‘दवाखान्यात होतो, आता बरंय’ हे खरं आहे आणि पुरेसं आहे. कुठल्या वॉर्डात ते ज्यांना सांगावंसं वाटतं त्यांनाच सांगा. पण गावाला गेलो होतो, कंपनीने बाहेर पाठवलं होतं असलं रचू नका, ते लक्षात ठेवायचा ताण तुम्हाला परवडणारा नाही. ऑफिसला दवाखाना तुमच्या परवानगीशिवाय काही सांगू शकत नाही.

क्लेमचं : त्याच २०१७ च्या कायद्यात आहे की शारीरिक आजाराला जसा विमा तसाच मानसिक आजाराला द्यायचा. नकार लेखी मागा, कुठल्या कलमाने नाकारला ते लिहून मागा, वेटिंग पीरियड वगैरे आहे का ते पॉलिसीत बघा. मग कंपनीच्या तक्रार विभागाकडे अर्ज, महिन्याभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे. पुण्यात आणि मुंबईत दोन्हीकडे ऑफिस आहे, वकील लागत नाही.

प्रश्न : ताई, माझा दीर ॲडमिट आहे. त्याचा मुलगा आठ वर्षांचा, आमच्याकडे ठेवलाय. त्याला सांगितलंय बाबा दुबईला गेलेत. आता तो रोज विचारतो फोन का नाही करत.

उत्तर : आजच खरं सांगा, त्याच्या आईला शेजारी बसवून. ‘बाबांच्या मेंदूला बरं नाहीये, त्यामुळे त्यांना झोप येत नव्हती आणि ते खूप चिडायचे. म्हणून ते दवाखान्यात आहेत. डॉक्टर औषध देतायत.’ एवढं आठ वर्षांच्या मुलाला कळतं. आणि त्याने विचारलं नाही तरी हे सांगाच की तुझ्या मस्तीमुळे झालं नाही, तू अभ्यास केला नाहीस म्हणून झालं नाही. मुलं हे मनात धरून बसतात आणि कुणाला बोलत नाहीत. ‘आधी दुबई म्हणालो ते खोटं होतं, आम्हाला कसं सांगायचं कळत नव्हतं’ हेपण सांगा.

तो रडेल, किंवा काहीच न बोलता खेळायला जाईल, दोन्ही ठीक आहे. डॉक्टरांना विचारून फोनवर बोलणं करून द्या, बाबा थोडे सावकाश, जड जिभेने बोलतील, ते गोळ्यांमुळे आहे हे त्याला आधी सांगून ठेवा. त्याला चित्र काढून पाठवू दे. फक्त कागदाला स्टेपलरची पिन मारू नका, आत घेत नाहीत. सेलोटेपही बरोबर द्या, वॉर्डातल्या मामांना, म्हणजे वॉर्डबॉयना, विनंती केली तर ते बेडच्या बाजूच्या भिंतीवर चिकटवून देतात.